तोगुरो हरला तो मैत्रीपुढे, की स्वतःच्या अभिमानापुढे?

आडवाटेचा वाचक

योशिहिरो तोगाशी यांची ‘यू यू हाकुशो’ ही मांगा (जपानी चित्रकथा) १९९० ते १९९४ या काळात ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे तिचे १९ खंड निघाले. त्यातील डार्क टूर्नामेंटचा भाग मी नुकताच पुन्हा वाचला आणि त्यावर येथील वाचकांशी चर्चा करावी, असे वाटले. पुढील मजकुरात कथेचा शेवट उघड होतो, ही सूचना आधीच देऊन ठेवतो.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. युसुके उरामेशी हा चौदा वर्षांचा वांड मुलगा एका लहानग्याला गाडीखालून वाचवताना मरतो, परत जिवंत होतो आणि मृतांच्या जगाचा राजपुत्र कोएन्मा त्याला माणसांच्या जगात उपद्रव करणाऱ्या राक्षसांचा शोध घेण्याच्या कामावर नेमतो. पुढे डार्क टूर्नामेंट या राक्षसांच्या स्पर्धेत त्याला व त्याच्या साथीदारांना ‘पाहुणा संघ’ म्हणून सक्तीने उतरवले जाते. एका बेटावर ही स्पर्धा भरते, धनदांडगे तिच्यावर पैजा लावतात आणि विजेत्यांची प्रत्येकी एक इच्छा पूर्ण केली जाते. पन्नास वर्षांपूर्वी हीच स्पर्धा जिंकून, कधी म्हातारे न होणारे राक्षसाचे शरीर मागून घेतलेला तोगुरो अंतिम फेरीत युसुकेसमोर उभा राहतो.

या लढतीचा नेहमीचा अर्थ असा लावला जातो की एकट्या पडलेल्या बलवानाला मित्रांच्या बळाने हरवले. ‘शोनेन जंप’चे ब्रीदच ‘मैत्री, परिश्रम, विजय’ असल्यामुळे हा अर्थ सोयीचाही आहे, पण मला तो पटत नाही. तोगाशींनी मैत्री आणि अभिमान यांना एकमेकांसमोर उभे केलेलेच नाही, असे माझे मत आहे. तोगुरोच्या संघातील कारासुच्या स्फोटांनी युसुकेचा साथीदार कुरामा रक्तबंबाळ होत असताना त्याच्या बाजूचा कोणीही आखाड्यात उडी घेत नाही. त्याच संघातील बुईच्या लढतीत दुसरा साथीदार हिएई याला कोणी सावध करत नाही. या संघातील प्रत्येकजण दुसऱ्याला त्याची लढाई त्याच्या पद्धतीने लढू देतो, आणि मला त्यांची मैत्री तिथेच दिसते. आपणांस काय वाटते?

निशिगंध

लेख आवडला, परंतु मूळ गृहीतकाशी असहमत आहे. कोणी उडी घेत नाही, कारण तसे करणे नियमाविरुद्ध आहे, आणि नियम मोडला तर साऱ्या संघाचा जीव धोक्यात येतो. ज्या ठिकाणी नकार दिला तर मरण ठरलेले आहे, तेथे कोण कोणाच्या अभिमानाचा मान राखतो आहे हे ठरवणार कसे? शिवाय हा संघ मित्रांचा म्हणून जमलेलाच नाही. कुरामा आणि हिएई हे मृतांच्या जगातून वस्तू चोरणारे, युसुकेने पकडलेले गुन्हेगार आहेत. कुवाबारा हा शाळेतला त्याचा कायमचा प्रतिस्पर्धी आहे आणि पाचवी गेन्काई, म्हणजे युसुकेची म्हातारी गुरू आणि तोगुरोची जुनी साथीदार, ही सुरुवातीला चेहरा झाकून येते. सक्तीने एकत्र आणलेल्या माणसांत पुढे जिव्हाळा निर्माण होतो हे मान्य आहे, पण त्याला लगेच तत्त्वाचे रूप देऊ नये.

रातकिडा

या धाग्यावर कोणीतरी कर्ण आणि दुर्योधन यांना आणणार, हे मी शीर्षक वाचताच ओळखले होते. अद्याप कोणी आणलेले नाही, याबद्दल सर्वांचे आभार. कृपया हा संयम असाच टिकवावा.

तालीमकर

आडवाटेचा वाचक, आपण गेन्काईला वगळून अभिमानाबद्दल कसे लिहिले, याचे नवल वाटते. आमच्याकडे तालमीत असे म्हणतात की वस्ताद पठ्ठ्याला सारे डाव शिकवतो, पण एक डाव स्वतःकडे राखून ठेवतो. गेन्काई तो राखीव डावही देऊन टाकते. स्पर्धा चालू असताना, अंतिम फेरी तोंडावर आलेली असताना, ती आपल्या आयुष्यभराच्या साधनेचे सार असलेला गोळा युसुकेच्या हवाली करते आणि स्वतः जवळपास रिकामी होते. त्याआधी ती त्याला शेवटची परीक्षा म्हणून मला ठार मार असे सांगते, आणि तो ते करू शकत नाही, हेच तिला हवे असलेले उत्तर असते. त्यानंतर ती उरल्यासुरल्या बळावर उपांत्य फेरीत शिशिवाकामारू आणि सुझुकी या दोघांनाही हरवते, आणि मग एकटी तोगुरोला भेटायला जाते. तिथे आपले मरण आहे, हे तिला ठाऊक असते.

अभिमान या शब्दाला काही अर्थ असेल तर तो या म्हातारीत आहे. तोगुरोकडे आहे ते निव्वळ बळ.

दर्यावर्दी

मी दुबईत नोकरी करतो आणि माझ्या कार्यालयात फिलिपिन्सचे बरेच सहकारी आहेत. त्यांच्या देशात ही मालिका ‘घोस्ट फायटर’ या नावाने दूरचित्रवाणीवर गाजली होती आणि तिथे युसुकेचा युजीन, कुवाबाराचा आल्फ्रेड, कुरामाचा डेनिस आणि हिएईचा व्हिन्सेंट झाला आहे. त्यामुळे आमच्या जेवणाच्या सुट्टीत अर्धा वेळ कोण कोणाबद्दल बोलत आहे हे समजण्यातच जातो. तोगुरोचे नाव मात्र त्यांनी बदललेले नाही, आणि धाकट्या भावाच्या खांद्यावर बसलेला थोरला ही आकृती कागदावर चार रेघांत काढली तरी त्यांतील कोणीही ती ओळखतो.

मुद्दा असा की त्यांच्याशी बोलताना मला जाणवले, तोगुरोबद्दल कोणी रागाने बोलत नाही. राग असतो तो थोरल्या भावाबद्दल. दोघेही माणसाचे राक्षस झाले, दोघेही क्रूर आहेत. मग धाकट्याला ही सवलत का मिळते? माझे उत्तर असे की थोरल्याला स्वतःबद्दल कौतुक आहे आणि धाकट्याला स्वतःबद्दल तिरस्कार आहे. त्याच्या शिष्यांना आणि साथीदारांना एका राक्षसाने मारले आणि तो त्यांना वाचवू शकला नाही. त्या राक्षसाचा सूड त्याने पन्नास वर्षांपूर्वीच्या त्याच स्पर्धेत उगवला, तरी मनातली सल गेली नाही. मेल्यानंतरही तो आपण होऊन सर्वांत कठोर नरक मागून घेतो. याला अभिमान म्हणावे की अपराधीपणा, हे तालीमकरांनी सांगावे.

तालीमकर

दर्यावर्दी, अपराधीपणा आहेच, पण त्याच्या मुळाशी अभिमान आहे. ‘माझ्यासारख्या बलवानाच्या हातून हे घडलेच कसे’ असे ज्याला वाटते, त्यालाच स्वतःला अशी शिक्षा द्यावीशी वाटते. गेन्काईचेही साथीदार तेच होते. तिने शोक केला, ती म्हातारी झाली, तिने शिष्य शोधला. स्पर्धा जिंकल्यावर तिने मागितले एवढेच की या स्पर्धेच्या भानगडीत आपल्याला पुन्हा ओढू नये.

खडूस काकू

चर्चा छान चालली आहे, पण सगळे गेन्काई आणि तोगुरो यांच्याभोवतीच फिरत आहेत. मला कुवाबाराविषयी बोलायचे आहे, कारण आडवाटेचा वाचक यांचे म्हणणे त्याच्या बाबतीत अजिबात लागू पडत नाही.

गेन्काई मरते तेव्हा युसुके, कुरामा आणि हिएई यांना ते समजते. कुवाबाराला मात्र कोणी सांगत नाही. तो भावनाप्रधान आहे, त्याला धक्का बसेल, लढतीवर परिणाम होईल, असा विचार त्यामागे असावा. मग अंतिम फेरीत थोरला तोगुरो आपल्या बोटांच्या बाहुल्या करून गेन्काई आणि धाकट्या तोगुरोच्या जुन्या नात्याची भर मैदानात टवाळी करतो, आणि ती मेल्याचे कुवाबाराला शत्रूच्या तोंडून कळते. तो त्या संतापात लढत जिंकतो, पण नंतर युसुकेवर चिडतो. मित्राच्या भल्यासाठी म्हणून जे लपवले, त्याने त्या मित्राला सर्वांत कमी लेखले. पाच जणांच्या संघात चौघांच्या बरोबरीचा आपण नाही, हे त्याला त्या क्षणी समजते. ही मैत्री एकमेकांच्या अभिमानाचा मान राखते, हे विधान येथे कसे टिकते, ते सांगावे.

रातकिडा

काकू, कुवाबाराचा अभिमान दुखावला की तो जिंकतो आणि जिच्यावर त्याचा जीव आहे ती युकिना प्रेक्षकांत दिसली की मोडलेल्या हाडांनिशीही जिंकतो. त्यामुळे त्याला काय सांगावे आणि काय सांगू नये, यापेक्षा युकिनाला कुठे बसवावे, याचा विचार संघाने अधिक केला असता तर बरे झाले असते.

खडूस काकू

रातकिडा, विनोद म्हणून ठीक आहे, पण याच वृत्तीने संघाने त्याला बाजूला ठेवले, हे लक्षात घ्या. तो विदूषक आहे असे गृहीत धरले की त्याला बातमी देण्याची गरज वाटत नाही.

आडवाटेचा वाचक

काकूंनी मांडलेला प्रसंग माझ्या मांडणीला छेद देणारा आहे, हे खरे. त्यावर विचार करताना मला आणखी एक मौन आठवले, आणि ते शेजारी ठेवल्यावर मुद्दा अधिक स्पष्ट झाला.

युकिना ही हिएईची बहीण आहे. हे युसुकेला आणि कुरामाला ठाऊक आहे, पण युकिनाला नाही, आणि तिच्यावर जीव टाकणाऱ्या कुवाबारालाही नाही. हिएईला ते सांगायचे नाही, म्हणून बाकीचे गप्प राहतात. म्हणजे संघात दोन गोष्टी लपवल्या जातात. पहिलीत मौन मागणारा माणूस स्वतः हिएई आहे, त्याच्या अभिमानाचे ओझे त्याचे त्याने ठरवले आहे आणि मित्र ते उचलून धरतात. दुसरीत कुवाबाराने काहीही मागितलेले नाही, त्याला काय झेपेल हे इतरांनी परस्पर ठरवले आहे. म्हणून एक मौन मैत्रीचे वाटते आणि दुसरे अपमानाचे वाटते. माझे मूळ विधान मी थोडे बदलून असे मांडतो: या कथेत मित्र तोच, जो तुमची लढाई कोणती हे तुम्हाला ठरवू देतो. गेन्काईच्या बातमीबाबत संघ त्या कसोटीला उतरत नाही आणि तोगाशी ते झाकत नाहीत, कुवाबाराला भर मैदानात रागावू देतात.

निशिगंध

ही मांडणी आधीच्या मांडणीपेक्षा पुष्कळ चांगली आहे. पण मग तीच कसोटी तोगुरो आणि गेन्काई यांना लावा. पन्नास वर्षांपूर्वी त्याने राक्षस होण्याची इच्छा मागितली, तेव्हा तिने त्याला त्याची लढाई ठरवू दिली. तिने वाद घातला, दुःख केले, पण त्याच्या वाटेत आडवी आली नाही. परिणाम काय झाला? तो अर्धे शतक भरकटत राहिला, असंख्य माणसे आणि राक्षस मारत राहिला आणि अखेरीस तिलाही त्याने मारले. मित्राचा अभिमान राखण्याची ही किंमत असेल, तर कधीतरी त्याच्या अभिमानावर पाय देण्याचे धाडस मैत्रीत असायला हवे, असे आपणांस वाटत नाही का?

कोकणकडा

निशिगंध यांनी या धाग्यावरचा सर्वांत अवघड प्रश्न विचारला आहे. यावर माझे मत असे की तोगुरोला हरवण्यासाठी जे घडते, ते याचेच उत्तर आहे, फक्त ते मित्राकडून येत नाही तर शत्रूकडून येते.

अंतिम लढत आठवा. पाहुणा संघ दोन विजय एका पराभवाने पुढे असतो. तोगुरोच्या संघाचा मालक साक्यो आपला जीव पणाला लावतो, कोएन्माही लावतो आणि साऱ्या स्पर्धेचा निकाल या एका लढतीवर येतो. तोगुरोला एवढेच हवे असते की समोरच्याने त्याला त्याच्या पूर्ण बळानिशी हरवावे. युसुके तिथवर पोहोचत नाही, म्हणून तो त्याच्या एखाद्या मित्राला मारायचे ठरवतो, जेणेकरून त्याच्यावर कोसळलेला प्रसंग युसुकेवरही कोसळावा. कुवाबारा स्वतः पुढे होतो, तोगुरोची बोटे त्याच्या छातीत घुसतात आणि युसुके पेटून उठतो. येथपर्यंत मैत्रीचा विजय हे नेहमीचे वाचन लागू पडते.

परंतु कुवाबारा मेलेला नसतो. तोगुरोने मर्मस्थान टाळलेले असते आणि कुवाबारा ते ओळखून निपचित पडून राहतो. म्हणजे या लढतीचा कळीचा क्षण हा शत्रूने आणि मित्राने न ठरवता मिळून केलेला एक देखावा आहे. जो माणूस पन्नास वर्षे ‘बळ म्हणजेच सर्व काही’ असे सांगत आला, त्याने नेमक्या त्या क्षणी हात आवरता घेतला. मग तो पूर्ण ताकद ओतून, स्वतःच्याच शरीराचा चुराडा करून कोसळतो. त्याला युसुकेने हरवले असे म्हणण्यापेक्षा, हरण्यासाठी योग्य माणूस त्याने घडवून घेतला, असे मी म्हणेन. त्यामुळे शीर्षकातल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘अभिमानापुढे’ असे आहे.

खडूस काकू

कोकणकडा, प्रतिसाद उत्तम आहे. एक भर घालते. ज्या कुवाबारापासून बातमी लपवली होती, त्याने या वेळी युसुकेपासून आपले जिवंत असणे लपवले. हिशेब चुकता झाला. तो नंतर उठून आल्यावर युसुके आनंदाआधी त्याच्यावर हात उगारतो, हे मला या साऱ्या स्पर्धेतले सर्वांत खरे दृश्य वाटते.

दर्यावर्दी

काकूंच्या शेवटच्या वाक्याला माझ्या संपूर्ण फिलिपिनो मेजाचे अनुमोदन आहे, फक्त ते आल्फ्रेडच्या नावाने आहे.

सुपारीफोड

मी मांगा वाचलेली नाही, परंतु नेटफ्लिक्सवर डिसेंबर २०२३ मध्ये आलेली पाच भागांची जिवंत कलाकारांची मालिका पाहिली आहे. तिच्यात हा सगळा भाग इतक्या घाईने उरकला आहे की आपण ज्यांच्याविषयी बोलत आहात, त्यांतील निम्मी माणसे मला भेटलीच नाहीत. चू कोण, जिन कोण, हे मी आता शोधून पाहिले. या फुटकळ प्रतिस्पर्ध्यांचा मूळ प्रश्नाशी काही संबंध आहे का, की ती केवळ भरती आहे?

तालीमकर

सुपारीफोड, ती भरती नाही. आडवाटेचा वाचक यांच्या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा तिथेच मिळतो.

चू हा दारू पिऊन लढणारा राक्षस आहे. दोघांचेही बळ संपल्यावर तो आणि युसुके जमिनीत सुरे रोवून, त्यांना टाचा लावून, मागे न सरता केवळ ठोशांनी लढतात. हरल्यावर चू मला मारून टाक म्हणतो आणि युसुके नकार देतो, कारण त्याला त्याच्याशी पुन्हा लढायचे असते. वाऱ्यावर स्वार होणारा जिन तर आनंदाने लढतो, खूश झाला की त्याचे कान हलतात. या दोघांशीही युसुकेची मैत्री लढता लढताच होते. उलट हिएईकडे पाहा. बुई हरल्यावर जीव घे म्हणतो, तेव्हा हिएई दयेचा आव आणत नाही. तो साधारण अशा अर्थाचे बोलतो की मी कोणाच्या हुकमाने वागत नाही, मरायचे असेल तर तुझे तू मर. कृती तीच आहे, पण बोलण्यातून प्रत्येकाने आपापला अभिमान जपला आहे.

आणि हे सारे पुढे उपयोगी पडते. राक्षसांच्या जगात सत्तासंघर्ष सुरू होतो, तेव्हा कुरामा मदतीसाठी ज्या सहा जणांना गोळा करतो, ते चू, रिंकू, जिन, तोया, शिशिवाकामारू आणि सुझुकी हेच आहेत. एका स्पर्धेत ज्यांना हरवले पण मारले नाही, ज्यांना लाजवले नाही, ते सगळे पुन्हा जिवंत झालेल्या गेन्काईच्या हाताखाली सराव करायला येतात. शिशिवाकामारू आणि सुझुकी यांना तर त्या म्हातारीनेच हरवले होते.

निशिगंध

तालीमकर, हा पुरावा मी मान्य करते. मात्र माझ्या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. गेन्काईने तोगुरोला पन्नास वर्षांपूर्वी अडवायला हवे होते की नाही?

आडवाटेचा वाचक

निशिगंध, अडवून तो थांबला असता असे मला वाटत नाही, पण हे उत्तर पळवाटेसारखे वाटेल, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. गेन्काईने त्याला अडवले नाही, पण तिने त्याला सोडलेही नाही. त्याला हरवू शकेल असा शिष्य ती घडवते, त्यासाठी आपले सारे बळ देते आणि मग स्वतः त्याच्या समोर जाऊन उभी राहते. मृत्यूनंतरही ती त्या नरकाच्या वाटेवर त्याला गाठते आणि त्याच्या हट्टाबद्दल त्याला बोल लावते. त्याच्या अभिमानावर तिने पाय दिला तो असा, फार उशिरा आणि दुसऱ्याच्या हातून. युसुके हा त्या अर्थाने तिचे त्या जुन्या वादातले उत्तर आहे. हे उत्तर पन्नास वर्षे आधी द्यायला हवे होते, असे आपण म्हणालात तर माझ्याकडे प्रतिवाद नाही. तेव्हा तिच्याकडे युसुके नव्हता, एवढेच मी म्हणू शकतो.

कोकणकडा

यात एक गोष्ट जोडावीशी वाटते. मालिकेच्या शेवटी युसुके राक्षसांच्या राजांना लढाईऐवजी स्पर्धा भरवायला लावतो आणि जिंकेल त्याने राज्य करावे, असे ठरते. ही दुसरी स्पर्धा युसुके जिंकत नाही. तो त्या राजांपैकी एक असलेल्या योमीकडून हरतो, विजेता एन्की ठरतो, आणि तोगाशी मांगात बहुतेक लढती दाखवतही नाहीत, निकाल सांगून पुढे जातात. पुष्कळ वाचकांना तो शेवट घाईचा वाटतो आणि लेखक तेव्हा थकलेला होता, हेही जाहीर आहे. पण पहिल्या स्पर्धेत तोगुरोला जे जमले नाही, म्हणजे हरून उठणे आणि घरी जाणे, ते युसुकेला सहज जमते. त्याला तिथे कोणी मित्र वाचवायला येत नाही आणि त्याची गरजही पडत नाही.

निशिगंध

घाईच्या शेवटाचे इतके चांगले समर्थन मी यापूर्वी वाचलेले नाही, तरी तो शेवट घाईचाच आहे. योमीबरोबरची लढत मला पूर्ण पाहायची होती. आणि गेन्काईने तोगुरोला अडवायला हवे होते, या मतावर मी कायम आहे.

सुपारीफोड

पहिल्या खंडापासून वाचायला घ्यावे की थेट स्पर्धेपासून? मधली बरीचशी गुपिते आपण सर्वांनी येथेच सांगून टाकली आहेत.

खडूस काकू

पहिल्यापासून. नाहीतर कुवाबारा आणि युसुके एकमेकांना इतके का मारतात, ते कळणार नाही.